दिवसभर सगळ्यांचे स्टेटस बघतो, तरी एकटं का वाटतं?

१९९५ च्या आसपासची गोष्ट आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या टीमने शहरातल्या काही घरांना चक्क कॉम्प्युटर दिले, वर फोन लाइन आणि इंटरनेटही फुकट, आणि सांगितलं की हवं तसं वापरा, आम्ही फक्त बघणार. तेव्हा फेसबुक नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, होतं काय तर ईमेल, वेबसाइट आणि चॅटरूम. ७३ घरांतल्या १६९ लोकांचा पहिल्या एक-दोन वर्षांचा हिशोब १९९८ मध्ये छापून आला. जे नेटवर जास्त बसले त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी झालं होतं, गोतावळा थोडा आकसला होता आणि एकटेपणा वाढला होता. आणि ही माणसं नेट मुख्यतः वापरत होती ती दुसऱ्या माणसांशी बोलायलाच!

एवढं वाचून बरेच जण थांबतात, म्हणतात बघा, सगळं या स्क्रीनमुळेच. क्राउट मात्र थांबले नाहीत, ते काही वर्षांनी त्याच लोकांकडे परत गेले आणि २००२ मध्ये लिहिलं की ते वाईट परिणाम बरेचसे विरून गेलेत. मधल्या काळात नेटवर सगळेच आले होते, आधी तिथे आपली मावशी नव्हती, शाळेतला मित्र नव्हता, आता होते. पण दुसऱ्या एका गटात त्यांना दिसलं की जे मुळातच बोलके आहेत, ज्यांना माणसांचा आधार आहे, त्यांना नेटचा फायदा झाला आणि जे बुजरे, आधीच एकटे, त्यांचं उलटं झालं. मला हे फार लागलं, कारण ज्याला गरज जास्त त्याच्याच हातून ते निसटत होतं.

आता सोशल मीडियाकडे येऊ. इथे नेहमीची अडचण अशी की जास्त फोन बघणारे लोक जास्त एकटे दिसतात, पण मग फोनमुळे एकटेपणा आला की एकटं वाटतं म्हणून हात फोनकडे गेला? नुसता सर्व्हे करून हे कळत नाही, त्यासाठी प्रयोगच करावा लागतो. तसा पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत मेलिसा हंट यांनी केला, तो २०१८ मध्ये आला. १४३ विद्यार्थी, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाने नेहमीसारखं वापरायचं, दुसऱ्याने फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला फक्त १० मिनिटं, असे तीन आठवडे. आणि कोण किती वापरतंय हे नुसतं तोंडी विचारलं नाही हं, आयफोनमध्ये कुठल्या अ‍ॅपने किती बॅटरी खाल्ली त्या स्क्रीनचा फोटो घेऊन तपासलं. कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा घटला, नैराश्यही घटलं, खास करून ज्यांना सुरुवातीला ते जास्त होतं त्यांचं. अजून एक, दोन्ही गटांत 'आपलं काहीतरी हुकतंय' ही धास्ती कमी झाली, म्हणजे ज्यांच्यावर काहीच बंधन नव्हतं त्यांचीसुद्धा. आपण किती वेळ घालवतो याची रोज नोंद होतेय, एवढ्यानेच बहुतेक फरक पडला असावा.

पण म्हणून वेळ कमी केला की झालं असंही नाही. अ‍ॅरिझोनात डेटर्स आणि मेल या दोघांनी बरोबर उलटा प्रयोग केला, विद्यार्थ्यांना सांगितलं की आठवडाभर फेसबुकवर नेहमीपेक्षा जास्त स्टेटस टाका. २०१३ चा पेपर आहे. त्या मुलांचा एकटेपणाही कमी झाला! मित्रांशी रोज जोडलेलं वाटलं म्हणून, आणि उत्तरं किती आली यावर ते अवलंबून नव्हतं. मला यातून एवढंच दिसतं की नुसतं अंगठ्याने वर सरकवत दुसऱ्यांचं आयुष्य बघणं वेगळं आणि आपलं काही कुणाला सांगणं वेगळं, फोन दोन्हीकडे तोच असला तरी.

आपल्या भाषेत एकटं असणं आणि एकटं पडणं हे वेगवेगळं आहे, आणि शास्त्रज्ञ मोजतात ते दुसरं. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो बरीच वर्षं यावर काम करत होते. ते म्हणायचे की एकटेपणा भुकेसारखा आहे, माणसांत परत जा असं शरीर सांगत असतं. पण ही भूक जास्त दिवस राहिली की मेंदू सावध होतो, सगळीकडे नकार शोधायला लागतो. अशा मनाला दोन निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही, की 'कामात असेल' हे सुचतच नाही, 'टाळतोय' हेच आधी येतं, मग आपण लिहिणं कमी करतो, बघणं मात्र चालूच राहतं.

माझा एक कॉलेजचा मित्र आहे, त्याचं एकही स्टेटस मी दोन वर्षांत सोडलं नाही, कोकणातली ट्रिप, नवी गाडी, पोरीचा वाढदिवस, सगळं पाहिलंय. हे सगळं वाचताना अस्वस्थ झालो आणि गेल्या रविवारी सरळ फोन लावला, पाऊण तास बोललो. त्याच्या बाबांची बायपास होऊन सहा महिने झाले होते.