दहावीचं गणित: गुण कसे ठरतात, आणि कमी आले असं वाटलं तर अर्ज कसा करायचा

राज्य मंडळाच्या दहावीचा निकाल लागतो तेव्हा आमच्या जळगावात ऊन रणरणत असतं. शेतकरी बागायती कापसाच्या लागवडीच्या तयारीत असतो आणि रावेर-यावलकडे केळीची कापणी चालू असते. नेमक्या याच दिवसांत गुणपडताळणीची मुदत सुरू होते आणि संपूनही जाते. मी तालुक्याच्या गावी दहावीला गणित शिकवते. दरवर्षी दोन-तीन पालक जूनच्या मध्यावर शाळेत येतात आणि विचारतात, "हाई कसं व्हयनं, मॅडम? पोरीला एवढे कमी?" तोवर तारीख उलटून गेलेली असते. ते ऐकून फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

100 गुण येतात कुठून

गणिताचे दोन पेपर असतात. भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 म्हणजे भूमिती. दोन्ही 40 गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. उरलेले 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळा देते. असे मिळून 100, आणि गुणपत्रिकेवर गणित हा एकच विषय दिसतो. उत्तीर्ण व्हायला 35 लागतात. बीजगणितात 35 टक्के आणि भूमितीत वेगळे 35 टक्के, असं काही नाही. हा गैरसमज आमच्याकडे अजून घट्ट बसलेला आहे.

दुसरी गोष्ट संयुक्त उत्तीर्णतेची, जी खूप कमी पालकांना माहीत असते. गणित आणि विज्ञान मिळून 70 गुण झाले आणि दोन्हींत प्रत्येकी किमान 25 असले, तर मूल दोन्ही विषयांत उत्तीर्ण होतं. म्हणजे गणितात 28 आणि विज्ञानात 42 असले तरी चालतं. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरतात, त्यामुळे गणित कच्चं असलं तरी टक्केवारी सावरू शकते. उत्तीर्ण मात्र व्हावंच लागतं.

शाळेकडचे 20 गुण फुकटचे असतात असं समजू नका. त्यात गृहपाठाच्या वहीला वजन आहे. ती वही वर्षभर भरायची असते, फेब्रुवारीत मैत्रिणीची वही समोर ठेवून एका रात्रीत उतरवायची नसते. एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते. हजेरीही 75 टक्के लागते. नंदुरबारकडच्या शिक्षकांना याची चिंता जास्त असते, कारण आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत गेले की मूलही सोबत जातं. अशा वेळी पालकांनी जाण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून मुलाच्या राहण्याचं बोलावं. मार्च जवळ आल्यावर धावपळ करून हजेरी भरून निघत नाही.

पेपरमधले नियम, ज्यांनी गुण जातात

दोन्ही पेपरांचा आराखडा सारखाच. पहिला प्रश्न 8 गुणांचा, त्यात 4 बहुपर्यायी आणि 4 एका गुणाचे. दुसरा 12 गुणांचा, तिसरा 9, चौथा 8, पाचवा 3. दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नात कृती येतात, म्हणजे चौकटी भरून पूर्ण करायचं गणित.

सूचना प्रश्नपत्रिकेवर छापलेल्या असतात, पण त्या वाचतं कोण? बहुपर्यायीत आधी लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरतात. आधी (B) लिहून, खोडून, शेजारी (C) लिहिलं तर त्या (C) ला काही किंमत नाही. गणकयंत्र चालत नाही. भूमितीत रचनेच्या खुणा पुसायच्या नाहीत. ही चूक हुशार मुलींकडून जास्त होते, कारण त्यांना आकृती स्वच्छ हवी असते. वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढली, कंपासाचे कंस खोडरबरने पुसले, आणि वर्तुळ कसं सुंदर दिसतंय म्हणून खूश! तपासणाऱ्याला मात्र ते कंसच बघायचे असतात, कारण स्पर्शिका रचनेने काढली की नुसती पट्टी लावून, हे त्यांच्यावरूनच कळतं. प्रमेय सिद्ध करताना आकृती नसली तर तिथेही गुण जातात.

गुण पायऱ्यांना मिळतात. अंकगणिती श्रेढीचं सूत्र लिहिलं, किमती घातल्या आणि शेवटी बेरीज चुकली, तरी आधीच्या पायऱ्यांचे गुण मिळायला हवेत. छायाप्रत हातात आली की नेमकं हेच तपासायचं असतं.

अर्ज: तीन वेगळ्या गोष्टी

गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन शब्दांची लोक सरमिसळ करतात.

गुणपडताळणीत उत्तरपत्रिका पुन्हा तपासत नाहीत. सगळ्या प्रश्नांना गुण दिलेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. शुल्क विषयाला 50 रुपये राहिलं आहे.

छायाप्रत म्हणजे मुलाच्या उत्तरपत्रिकेची प्रत आपल्याला मिळते. विषयाला 400 रुपये. ई-मेलवर, संकेतस्थळावरून, हस्तपोहोच किंवा पोस्टाने, यातला एक मार्ग अर्जात निवडायचा असतो. आमच्या भागातून ई-मेल किंवा संकेतस्थळच निवडावं. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. अक्कलकुव्याहून किंवा धडगावहून हस्तपोहोच घ्यायला नाशिकला जाणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणार आणि एसटीचं भाडं वर.

पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका नव्याने तपासली जाते. विषयाला 300 रुपये. त्याची पात्रता एकच: आधी छायाप्रत घेतलेली असली पाहिजे. थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज होत नाही. शुल्क भरण्याआधी त्या वर्षीचं मंडळाचं प्रकटन बघा, रक्कम आणि तारखा तिथे असतात.

अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, स्वतः करा नाहीतर शाळेमार्फत. जवळ ठेवायचं ते एवढंच: बैठक क्रमांक, हॉलतिकिटावर आहे तसंच आईचं नाव, ऑनलाइन निकालाची प्रत, चालू मोबाइल नंबर, ई-मेल, आणि पैसे भरायला यूपीआय किंवा कार्ड. ई-मेल आपलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला की छायाप्रत त्याच्या मेलवर येऊन पडते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. पैसे भरल्याची पावती छापून घ्या.

तारखा घट्ट असतात. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून साधारण 15 दिवस गुणपडताळणी आणि छायाप्रतीसाठी. 2025 मध्ये निकाल 13 मे रोजी लागला आणि मुदत 14 ते 28 मे होती. पुनर्मूल्यांकनाचे दिवस मात्र छायाप्रत मिळाल्यापासून मोजतात: कामकाजाचे फक्त पाच दिवस. त्यामुळे छायाप्रत आली त्याच संध्याकाळी ती गणिताच्या शिक्षकाला दाखवा. सुटीत शिक्षक गावी गेलेले असतात, म्हणून आधीच फोन करून ठेवा. आम्ही कोणीही नाही म्हणत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगते. तिला तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा होता आणि तिथली गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. सराव परीक्षेत ती ऐंशीच्या खाली कधी आली नव्हती, बोर्डात 71 आले. वडील म्हणाले, जाऊ द्या, 400 रुपये कशाला घालवायचे. मी आग्रह धरला. छायाप्रत आली ती आम्ही माझ्या स्वयंपाकघरात, मोबाइलवर बोटांनी मोठी करून एकेक पान बघितली. मूळ उत्तरपत्रिका संपल्यावर तिने पुरवणी घेतली होती आणि पुरवणीच्या मागच्या पानावर एक रचना होती, कंसांच्या खुणांसकट. त्या पानावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. शिवाय त्रिकोणमितीच्या एका उदाहरणात शेवटचं उत्तर चुकलं म्हणून सगळ्या पायऱ्यांवर काट मारलेली. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला. गुण वाढले. ती आज डिप्लोमाला आहे.

छायाप्रत बघताना हाच क्रम ठेवा: आधी पुरवण्यांसकट पानं मोजा, मग प्रत्येक उपप्रश्नाला गुण दिलाय का ते बघा, मग आतले गुण मुखपृष्ठावर बरोबर उतरलेत का, मग बेरीज, आणि सर्वांत शेवटी पायऱ्या. आधीच्या सगळ्या गोष्टी आई-वडीलही बघू शकतात, त्यासाठी गणित यावं लागत नाही. कधी कधी पेपर बरोबरच तपासलेला असतो. तेही मुलासोबत बसून बघा, कुठे चुकलं ते त्याला दिसतं, आणि मग पुनर्मूल्यांकनाचे 300 रुपये भरू नका.

अनुत्तीर्ण झाल्यास

एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो. पूरक परीक्षा त्याच वर्षी, निकालानंतर महिन्या-दोन महिन्यांत होते. फॉर्म शाळेमार्फत भरायचा. उत्तीर्ण झालेल्यांना गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे, तिचाही फॉर्म शाळेतच भरतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूरक परीक्षेच्या फॉर्मची तारीख पुनर्मूल्यांकनाच्या निकालासाठी थांबत नाही. गणितात राहिलेल्या मुलाने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असला, तरी पूरकचा फॉर्मही मुदतीत भरावा आणि रोज दोन गणितं सोडवत राहावीत.