आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट: ठासणीच्या रायफलीची भानगड

मुंबईत राहणाऱ्या बऱ्याच जणांचं गाव कोकणात, त्यामुळे ठासणीची बंदूक कानावर तरी असतेच, शेतात डुकरं-माकडं येतात म्हणून परवान्यावर घेतलेली. तोंडाकडून दारू ओतायची, गोळी नाहीतर छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, झालं. या बंदुकांची नळी सहसा आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळी थोडी बारीक असली तरी चालून जातं. इंग्रजांच्या पलटणीतली ब्राउन बेस अशीच होती, नळी आतून साधारण १९ मिलिमीटर आणि गोळी साडेसतराची. दीड मिलिमीटरची फट! गोळी नळीत इकडे आपटणार, तिकडे आपटणार आणि शेवटची धडक बसेल त्याप्रमाणे कुठेतरी जाणार. शंभर यार्डाच्या पुढे नेमका माणूस टिपला तर ते नशीबच.

रायफलीत मात्र नळीला आतून पिळदार आटे, म्हणजे खाचा, पाडलेल्या असतात. गोळी त्या आट्यांना धरून निघाली की स्वतःभोवती गरगरते, आणि गरगरणारी वस्तू आपला अक्ष सहजासहजी सोडत नाही, म्हणून लांबपर्यंत सरळ जाते. इथपर्यंत ठीक आहे. पण आट्यात रुतायचं तर गोळी घट्ट हवी आणि घट्ट गोळी तोंडाकडून आत ढकलणार कशी? १८०० च्या सुमारास इंग्रजांच्या फौजेत आलेल्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला सैनिकांना चक्क लाकडी हातोडी दिली होती, ठोका आणि बसवा. समोरून शत्रू येतोय आणि आपण ठोकतोय, कल्पना करा.

शिकाऱ्यांनी शोधलेला उपाय जास्त हुशार होता, आणि त्याचा हिशोब बघण्यासारखा आहे. समजा नळी १२.७ मिलिमीटरची आहे. गोळी घ्यायची १२.४५ ची, म्हणजे सैल, आणि तिच्याखाली तेल किंवा चरबी लावलेली कापडाची चकती धरायची, जाडी सुमारे ०.३८. कापड दोन्ही बाजूंना येतं म्हणजे एकूण झालं १३.२, नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त! पण आट्यांची खोली प्रत्येकी पाव मिलिमीटर धरली तर खाचेपासून खाचेपर्यंत मापही १३.२ च भरतं, म्हणजे कापड दाबून बरोबर खाचांत बसतं. आट्यांना शिसं नाही, कापड धरतं आणि गोळीला फिरवत नेतं. बाहेर पडल्यावर चकती गळून पडते.

लढाईत एवढा वेळ कुणाला असतो? मग डोकं लागलं गोळीच्या आकारावर. कॅप्टन जॉन नॉर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी सुचवली. असं सांगतात की दक्षिण भारतात त्याने फुंकनळीचे बाण पाहिले, त्यांच्या बुडाला कमळाचा मऊ गर असायचा, फुंकर मारली की तो फुगून नळीला चिकटायचा आणि हवा वाया जायची नाही. ब्रिटिश सरकारने तेव्हा दखल घेतली नाही, आणि पुढे फ्रेंच कॅप्टन मिनीएने १८४९ च्या सुमारास हीच कल्पना जमवून आणली तेव्हा त्याला वीस हजार पौंड मोजले. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर आठवा, दाब आला की कडा पसरते आणि हवा मागे सुटत नाही, दारूच्या वायूचा दाब आला की मिनीए गोळीच्या पातळ कडेचं अगदी तेच होतं, आत सैल गेलेली गोळी पसरून आट्यांत बसते.

म्हणजे माप कसंही चालेल का? अजिबात नाही! इंग्रजांच्या पलटणीतल्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची नळी १४.६६ मिलिमीटर आणि आधीची गोळी १४.४३ ची, त्यात ती चरबी-मेण लावलेल्या कागदासकट आत जायची, म्हणजे फट जवळपास नाहीच. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, धूर आणि काजळी होतो, चार गोळ्या झाडल्या की नळी आतून अरुंद. ती चरबी काजळी मऊ ठेवायला होती. १८५७ मध्ये याच चरबीवरून काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण मापाची अडचण फारशी कुणी सांगत नाही. इथल्या उन्हात चरबी वितळायची, गोळी आत जाताना अडायची. शेवटी १८५९ मध्ये गोळी १३.९७ ची केली आणि बुडात लाकडी खुंटी घातली, म्हणजे गोळी जास्त पसरेल.

मुंबई सैन्यातला सिंधमधला अधिकारी जॉन जेकब याने तर वेगळाच मार्ग धरला, चार आट्यांची नळी आणि गोळीलाच चार उंचवटे, थेट खाचेत बसणारे. पसरायची भानगडच नको. पण काजळीत घाईघाईने ते उंचवटे जुळवणं म्हणजे कटकटच.

आजही परदेशात हौशी लोक अशा रायफली चालवतात (आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, घरी प्रयोग नकोत), ते आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून आरपार ढकलून माप काढतात. एन्फिल्डला आटे तीन, म्हणजे खाचेसमोर खाच येत नाही, साध्या व्हर्नियरने (सरकत्या मापपट्टीने) नीट मापताच येत नाही, वैताग. मग मिनीए गोळी एका नेमक्या भोकाच्या डायमधून काढून नळीपेक्षा ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर बारीक करतात, झेरॉक्सचा कागद याच्या साधारण दुप्पट ते चौपट जाड असतो. आणि शिसं शुद्धच हवं, टायरवाल्याकडच्या जुन्या बॅलन्सिंगच्या वजनात अँटिमनी असतं, ते कडक पडतं आणि कड पसरतच नाही, गोळी फिरण्याऐवजी कोलांट्या घेते.

वरळीच्या रेंजवर एअर रायफल शिकणारी मुलंही यातून सुटलेली नाहीत. त्यांच्या ४.५ मिलिमीटरच्या पेलेटलाही (एअर रायफलीच्या छोट्या गोळीलाही) मागे पोकळ, पातळ घेर असतो, आणि डब्यांवर डोक्याचं माप छापलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१. आपल्या नळीला कुठला डबा मानवतो ते रायफल शिकंज्यात धरून, एकेका मापाचे दहा-दहा पेलेट एकाच जागी मारून आणि कागदावरचं भोक मोजूनच कळतं.