नायलॉनचा पार्ट हातात आल्या आल्या वाकवून पाहू नका

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींमधल्या आमच्या ग्राहकांसाठी

सकाळी माल पोहोचतो आणि दुपारी फोन येतो, "क्लिपा तुटतायत, लॉट परत पाठवतोय." एप्रिल-मेमध्ये, नाशिकची हवा कोरडी असताना, असे फोन जास्त येतात. टेम्पोचं भाडं, तुमची थांबलेली असेंब्ली, आमची पुन्हा तपासणी, एवढं सगळं होतं आणि पार्टमध्ये दोष निघत नाही.

मोल्डमधून (साच्यातून) नुकताच निघालेला नायलॉन कोरडाठाक असतो. तेव्हा तो कडक असतो, पण ठिसूळही असतो. चिवटपणा येतो तो ओलाव्यानं. वाळलेला पापड मोडतो आणि सादळलेला वाकतो, तसंच हे. 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत नायलॉन-6 वजनाच्या अडीच ते तीन टक्के पाणी धरतो. 30 टक्के काचतंतू (ग्लास) भरलेल्या ग्रेडमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असतं, कारण काच पाणी पीत नाही. मात्र नुसत्या हवेतून एवढं पाणी मुरायला कित्येक आठवडे जातात. जाडी दुप्पट असेल तर वेळ जवळजवळ चौपट लागतो.

म्हणून आम्ही पार्ट गरम पाण्यात ठेवून कंडिशनिंग करून देतो, म्हणजे त्यात ओलावा मुरवून देतो. किती पाणी मुरलं ते आधीचं आणि नंतरचं वजन करून ठरवतो, अंदाजानं नाही. पाणी मुरल्यावर पार्ट किंचित वाढतो, त्यामुळे माप तपासायचं गेजही त्यानंतरच लावा. पीपी आणि एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकच्या पार्टना यातलं काही लागत नाही.

यावर हमखास प्रश्न येतो: पाणी इतकं चांगलं, तर नायलॉनचा कच्चा दाणा ड्रायरमध्ये चार-चार तास कशाला ठेवता? कारण ओला दाणा मशीनच्या तापलेल्या बॅरलमध्ये वितळला की तेच पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतं. अशा पार्टवर कधी चंदेरी रेघा दिसतात, कधी काहीच दिसत नाही, पण तो कायमचा कमजोर झालेला असतो. नंतर कितीही पाणी पाजलं तरी तो सुधारत नाही. म्हणून दाणा 80 अंशांवर सुकवून, ओलावा 0.2 टक्क्यांच्या खाली आणूनच मशीनला लावतो. पावसाळ्यात उघडी गोणी आणून "लगेच चालवा" म्हणाल, तर नाही म्हणू.

सायकल (एकदा पार्ट काढायला लागणारा वेळ) कमी करून रेट उतरवा, अशीही मागणी असते. थंड मोल्डमधून घाईनं काढलेला नायलॉनचा पार्ट नंतर आकसतो, मापं बदलतात. त्या रेटला आम्ही काम घेत नाही.

ऑर्डरवर "कंडिशनिंगसह" असं लिहा. त्याचे पैसे वेगळे लागतात, पण एका परत आलेल्या टेम्पोपेक्षा कमीच. कंडिशनिंग केलेला पार्टही तुटला, तर दोष आमचा धरा. तुटलेले तुकडे जपून ठेवा आणि लॉट नंबरसह पाठवा, लॉट बदलून देऊ.