पित्तनलिकेत शिरलेला जंत : निदान

ॲस्कॅरिस लुंब्रिकॉयडिस हा गोल जंत माणसाच्या लहान आतड्यात राहतो. मादी २० ते ३५ सेंमी. लांब, पेन्सिलीहून थोडी बारीक. आतड्यात असेपर्यंत तो बहुधा त्रास देत नाही. पण अरुंद तोंड दिसले की त्यात शिरण्याची त्याची खोड आहे. आद्यांत्रातून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, तो पित्तनलिकेत चढला की उजव्या बरगडीखाली अचानक कळा येतात, उलट्या होतात, कधी ताप आणि कावीळही. लक्षणे पित्ताच्या खड्यासारखीच, म्हणून खडाच शोधला जातो. उलटीतून किंवा शौचावाटे जंत पडला होता का, हे रुग्णाला आवर्जून विचारावे.

शौचतपासणीत अंडी दिसली तरी आतड्यात जंत आहे एवढेच कळते. कळा त्याच्याचमुळे येतात हे ठरत नाही. न दिसली तरी निश्चिंत होता येत नाही. वयात आलेली मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते खरी, पण आत एकटा नरच असेल तर अंडी येणार कुठून?

खरी भिस्त सोनोग्राफीवर. खडा पडद्यावर पांढरा चमकतो आणि मागे काळी सावली टाकतो. जंताची अशी सावली पडत नाही. फुगलेल्या नलिकेत रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेषा दिसतात. त्यांच्यामधली काळी रेघ म्हणजे जंताचे स्वतःचे आतडे. प्रोब (पोटावर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण) क्षणभर स्थिर धरला की रेषा वळवळतात, आणि मग शंकाच उरत नाही. जंत आत-बाहेर करतो. काल काही दिसले नसले तरी कळा परतल्यास तपासणी पुन्हा करावी. दुर्बिणीतून कधी नलिकेच्या तोंडाशी लोंबणारे शेपूटच दिसते, आणि तो चिमट्याने ओढून काढता येतो. नलिकेत मेलेला जंत मात्र फसवतो: त्याचे तुकडे होतात, त्यांभोवती खडा धरतो.

भारतात या आजाराचा मोठा अभ्यास काश्मीरमध्ये झाला. श्रीनगरच्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ५०० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली.

इतर परजीवीही असेच चकवतात. यकृतात गळू करणारा अमीबा शौचात अनेकदा सापडत नाही. तो गळवाच्या भिंतीलगत असतो, म्हणून उपसलेल्या पुवाचा शेवटचा अंश तपासावा. स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या बारीक जंताच्या अळ्या स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या बेडक्यात सापडतात. अशा वेळी दमा समजून स्टेरॉइडचा डोस वाढवला, तर त्या आणखी फोफावतात आणि रुग्ण दगावू शकतो.