कॅलिस्टोगा

कॅलिस्टोगा : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, नापा खोऱ्याच्या उत्तर टोकाला वसलेले गाव. लोकसंख्या सु. ५,२०० (२०२०). नापाला आज बहुतेक लोक वाइनसाठी जातात. या गावाला मात्र सुट्टीचे ठिकाण केले ते गरम पाण्याने. वाप्पो आदिवासी येथील झरे फार पूर्वीपासून वापरत. गोल्ड रशमध्ये (कॅलिफोर्नियात सोन्यासाठी उडालेल्या झुंबडीत) व्यापारावर गबर झालेल्या सॅम्युएल ब्रॅनन याने १८६२ मध्ये येथे आरोग्यस्नानाचे विश्रामधाम उघडले. १८६८ मध्ये रेल्वे आली आणि गिऱ्हाईक वाढले. ब्रॅननची मालमत्ता मात्र पुढे त्याच्या हातून गेली.

चिखलस्नान ही गावाची खासियत. ज्वालामुखीय राख आणि पीट (दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींची माती) गरम खनिजयुक्त पाण्यात कालवून हौद भरतात. चिखल इतका दाट असतो की माणूस त्यात बुडत नाही. अंग हलवत हलवत आत रुतावे लागते, मग परिचारक मानेपर्यंत चिखल ओढतो. दहा-बारा मिनिटे पुरतात. त्यानंतर शॉवर, खनिज पाण्याचा टब, वाफ आणि शेवटी चादर गुंडाळून पडून राहणे. चिखलाने शरीरातील ‘विषद्रव्ये’ निघून जातात, या जाहिरातीला फारसा आधार नाही. उष्णतेने स्नायू सैलावतात, एवढे मात्र खरे. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी हे टाळावे. वाइन पिऊन हौदात उतरणेही बरे नाही : उष्णता आणि मद्य दोन्हींनी रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येते.

म्हणून दिवसाचा शहाणा क्रम म्हणजे सकाळी व्यायाम, दुपारी स्नान आणि वाइन सर्वांत शेवटी. सायकलस्वार हमरस्ता २९ सोडून खोऱ्याच्या पूर्व कडेचा सिल्व्हराडो ट्रेल पसंत करतात, नापापर्यंतच्या सु. ४७ किमी. रस्त्यावर चढउतार सौम्य आहेत. १९६८ च्या शेती-संरक्षण कायद्यामुळे खोऱ्यात बांधकामाला आळा बसला, म्हणूनच दोन्ही बाजूंना अजून मळे दिसतात. दमदार लोकांसाठी ओट हिल माइन ट्रेल आहे. पाऱ्याच्या खाणींसाठी काढलेल्या या सु. १३ किमी. वाटेवर मालवाहू घोडागाड्यांच्या चाकांनी दगडात पाडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. सावली मात्र फारच कमी. मौंट सेंट हेलेना (१,३२३ मी.) चढायला बहुतेक दिवस जातो. हा डोंगर म्हणजे निद्रिस्त ज्वालामुखी असे सर्रास सांगतात, ते चूक आहे. तो जुन्या ज्वालामुखीय खडकांचा वर उचलला गेलेला भाग आहे. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० मध्ये नवविवाहित पत्नीसह याच डोंगरावरील ओसाड खाणवस्तीत राहिला होता.

हॉट एअर बलून पहाटेच उडतात, कारण नंतर वारा वाढतो.

वाइनच्या इतिहासात गावाचे नाव १९७६ मध्ये गाजले : पॅरिसमध्ये बाटल्यांवरची नावे झाकून घेतलेल्या चवचाचणीत येथील शातो मोंटेलेना या वाइनरीची १९७३ ची शार्डोने पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली. द्राक्षतोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते आणि पर्यटकांची गर्दीही तेव्हाच असते. दुर्दैवाने वणव्यांचा धोकाही याच काळात सर्वाधिक असतो. ऑक्टोबर २०१७ चा टब्ज वणवा गावालगतच पेटला होता. त्यामुळे या दिवसांत डोंगरवाटा खुल्या आहेत का, हे निघण्यापूर्वी तपासावे लागते.