ओळखीचा आवाज संकटात सापडतो तेव्हा: अमेरिकी नभोवाणीवरील विनोदी नटांच्या थरारक भूमिकांची पार्श्वभूमी

सीबीएस या अमेरिकी नभोवाणी जाळ्याच्या 'सस्पेन्स' या मालिकेत ३ फेब्रुवारी १९४९ रोजी 'बॅकसीट ड्रायव्हर' हे नभोनाट्य झाले. रात्री मोटारीने घरी निघालेले एक जोडपे आणि मागच्या सीटवर दडून बसलेला बंदूकधारी खुनी, एवढेच त्याचे कथानक. नवराबायकोच्या भूमिकेत जिम आणि मॅरियन जॉर्डन होते. 'फिबर मगी अँड मॉली' या विनोदी मालिकेतून १९३५ पासून हेच दोन आवाज घरोघर पोचत होते. फिबरने कपाट उघडताच आतला सगळा पसारा धडाधड कोसळण्याचा आवाज तर अमेरिकेत लहान मुलांच्याही ओळखीचा झाला होता. ज्यांच्या घरातली मोठ्यात मोठी आपत्ती म्हणजे ते कपाट, त्या जोडप्याच्या मानेपाशी त्या रात्री बंदूक होती. या प्रयोगाकडे एक सुटी गंमत म्हणून पाहण्याची पद्धत आहे, पण ते तसे नव्हते. १९४८-४९ ते १९५३-५४ या हंगामांत आघाडीचे अनेक विनोदी नट याच मालिकेत येऊन गेले, आणि नभोवाणीच्या अभिनयाबद्दल त्या काळाने शिकवलेल्या गोष्टी अजून पुरत्या लक्षात घेतल्या गेलेल्या नाहीत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३४ मध्ये शिकागोत सुरू झालेले 'लाइट्स आउट' आणि १९४१ पासूनचे 'इनर सँक्टम' या मालिकांची सारी भिस्त भयाशी आधीच जोडलेल्या आवाजांवर होती. भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ याचा आवाज ऐकू आला की पुढे काय वाढून ठेवले आहे ते सांगावे लागत नसे. १७ जून १९४२ रोजी सुरू झालेल्या 'सस्पेन्स'ने हळूहळू वेगळी वाट धरली. आपल्याकडे अशा मालिकांना सरसकट 'रहस्यमालिका' म्हटले जाते, पण इथे तो शब्द फसवा आहे. खुनी कोण हे यातल्या कित्येक नाट्यांत पहिल्या पाच मिनिटांत कळते, कधी तोच गोष्ट सांगत असतो. रहस्य नसते, उत्कंठा असते. अडकलेला माणूस सुटतो की नाही, एवढाच प्रश्न शेवटपर्यंत लांबवायचा असतो. तेव्हा अडकणारा माणूस श्रोत्याला जितका जवळचा, तितकी ती उत्कंठा तीव्र, हे ओघानेच आले. मोठे चित्रपटनट या मालिकेत पहिल्यापासून येत होते, पण ते आठवड्याच्या आठवड्याला श्रोत्याच्या दिवाणखान्यात येत नव्हते. विनोदी नट येत होते.

या विषयावरच्या लिखाणात सर्वांत जास्त घोळ 'विनोदी नटाची गंभीर भूमिका' या शब्दप्रयोगाने घातला आहे, आणि तो दोन्ही टोकांनी आहे: विनोदी नट कोणाला म्हणायचे आणि गंभीर भूमिका कशाला म्हणायचे. अशा भूमिकांच्या यादीत ल्युसिल बॉलचे नाव बहुधा सर्वांत वर असते आणि त्याखाली १३ जानेवारी १९४४ चे 'डाइम अ डान्स' दिलेले असते. भाडोत्री नर्तकींचे खून पाडणाऱ्या माणसाला सापळ्यात पकडण्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या नर्तकीची ती भूमिका बॉलने अतिशय समरसून केली आहे. पण १९४४ च्या श्रोत्याच्या लेखी ल्युसिल बॉल ही विनोदी नटी नव्हतीच. ती चित्रपटांत मिळतील त्या सर्व प्रकारच्या भूमिका करणारी अभिनेत्री होती. 'माय फेव्हरिट हजबंड' ही तिची विनोदी नभोमालिका १९४८ मध्ये सुरू झाली आणि 'आय लव्ह ल्यूसी' दूरचित्रवाणीवर १९५१ मध्ये आले. नंतरच्या कीर्तीचा उजेड मागे फिरवून १९४४ च्या प्रयोगावर टाकला की त्यात नसलेले धाडस दिसू लागते. तिचे नोव्हेंबर १९४९ मधले 'द रेड-हेडेड वुमन', ज्यात तिचा पती देसी अर्नाझही होता, त्याबद्दल मात्र हा शब्दप्रयोग रास्त ठरतो. तोवर श्रोत्यांना तिच्या आवाजावर हसण्याची सवय झाली होती. नट तोच आणि मालिकाही तीच असली, तरी श्रोत्याचा कान जवळजवळ सहा वर्षांत बदललेला होता. म्हणून या इतिहासात प्रक्षेपणाची तारीख हाच कळीचा पुरावा मानला पाहिजे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या टोकाचा घोळ अधिक खोल आहे. 'गंभीर भूमिका' या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. पहिल्या प्रकारात नट आपली ओळख पार पुसून दुसरा माणूस होतो. मिल्टन बर्ल हा १९५० मध्ये दूरचित्रवाणीवरचा सर्वांत मोठा विनोदी नट होता. त्या वर्षीच्या १२ ऑक्टोबरच्या 'रेव्ह नोटिस'मध्ये तो दिग्दर्शकाला गोळी घालून फाशी टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेणारा नट झाला. डॅनी के १३ जानेवारी १९४९ च्या 'द टू पर्फेक्ट अ‍ॅलिबाय'मध्ये खुनी होता. इथे श्रोत्याला धक्का बसतो तो आवाज आणि कृत्य यांच्यातल्या विसंगतीचा. दुसऱ्या प्रकारात नट मुळीच बदलत नाही, बदलते ती भोवतालची परिस्थिती. जॉर्डन दाम्पत्य मोटारीत बसूनही घरातल्यासारखेच बोलते. ३ नोव्हेंबर १९४९ च्या 'द सर्च फॉर इझाबेल'मध्ये रेड स्केल्टनला घरच्या टेलिफोनवर कोणा इझाबेलची चौकशी करणारे फोन पुन्हापुन्हा येतात. चुकीचा नंबर हा खरे तर विनोदाचाच ऐवज, तो एकट्या माणसाच्या आयुष्यात शिरला की त्याचे रूप पालटते. या दुसऱ्या प्रकाराला 'गंभीर' म्हणणे मला अपुरे वाटते. तिथे विनोदी नटाचा विनोद काढून टाकलेला नसतो, त्यावरचे हसणे तेवढे काढून घेतलेले असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जॅक बेनी. २८ मार्च १९४८ च्या त्याच्या विनोदी कार्यक्रमात एक चोर त्याला वाटेत अडवून 'पैसे काढ, नाहीतर जीव गमावशील' अशा अर्थाची धमकी देतो. बेनी गप्प राहतो. प्रेक्षागृहात हशा सुरू होतो आणि वाढत जातो. चोर पुन्हा दरडावतो, तेव्हा बेनी वैतागून म्हणतो, 'मी विचार करतोय!' तो विराम त्याच्या चिक्कूपणाच्या ख्यातीवर उभा होता, आणि तो हशाने भरून काढायला समोर प्रेक्षक बसलेले होते. थरारनाट्याच्या स्टुडिओत प्रेक्षक नसत. ५ एप्रिल १९५१ च्या 'मर्डर इन जी-फ्लॅट'मध्ये बेनी हा पियानो सुरात लावणारा साधा कारागीर आहे आणि भलत्याच पैशांपायी तो संकटात सापडतो. त्याचे अडखळणे तेच, उत्तर देण्यापूर्वीचे थांबणेही तेच. पण त्या थांबण्यात आता कोणी हसत नाही, त्यामुळे ते थांबणे भीतीचे होते. प्रहसनात कमावलेले कालभान थरारनाट्यात जसेच्या तसे कामी येते, हे मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटते. बेनीने या मालिकेत पुढे १९५२, १९५३ आणि १९५४ मध्येही कामे केली. १९५३ च्या 'प्लॅन एक्स'मध्ये तर तो मंगळावरचा रहिवासी झाला होता. त्या नाट्याला शुद्ध थरारनाट्य म्हणावे की नाही याबद्दल दुमत होऊ शकते, कारण तिथे विनोदाला बरीच सैल सोडली आहे.

हे सारे याच वर्षांत का घडले, याचे एक ठरीव उत्तर दिले जाते. १९४८ च्या अखेरीस सीबीएसने करांतील सवलतीचा लाभ दाखवून एनबीसी या प्रतिस्पर्धी जाळ्याचे मोठे विनोदी नट आपल्याकडे ओढले. २ जानेवारी १९४९ पासून बेनीचा रविवारचा कार्यक्रम सीबीएसवर आला, आणि मग हाताशी आलेले नट त्याच जाळ्याच्या थरारमालिकेत वापरले गेले, असा हा युक्तिवाद आहे. बेनीपुरता तो पटतोही. पण जॉर्डन दाम्पत्य १९४९ मध्ये एनबीसीवरच होते. ५ मे १९४९ च्या 'डेथ हॅज अ शॅडो'मध्ये आलेला बॉब होपही एनबीसीचा, आणि बर्लचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रमही एनबीसीवरच चालू होता. प्रतिस्पर्ध्याच्या घरचे चौघे पाहुणे म्हणून येतात, तेव्हा नटांच्या पळवापळवीचे कारण एकटे पुरे पडत नाही. अधिक वजनदार कारण प्रायोजकाचे दिसते. मोटारीचे स्पार्क प्लग आणि बॅटऱ्या विकणाऱ्या एका कंपनीने १९४८ मध्ये ही मालिका उचलली आणि १९५४ पर्यंत सांभाळली. मोठ्या नावांवर खर्च करण्याची तिची तयारी होती. विनोदी नट आणि खून ही जोडी नुसत्या जाहिरातीच्या ओळीतही कान टवकारायला लावणारी होती. यात व्यापारी हिशोब होता हे नाकारण्याचे कारण नाही. संहितांवर घेतलेली मेहनत मात्र त्या हिशोबापलीकडची आहे, आणि प्रायोजकाकडे बोट दाखवून हे प्रयोग निकालात काढणारे टीकाकार ती पाहत नाहीत.

शिवाय पडद्यामागे ही सीमारेषा कधी तितकी पक्की नव्हतीच. हॉलिवूडमध्ये नभोवाणीवर काम करणाऱ्या नटांचा संच मर्यादित होता आणि तोच संच आज प्रहसन, उद्या खून असा फिरत असे. 'सस्पेन्स'च्या सुरुवातीच्या काळात 'मॅन इन ब्लॅक' या गूढ निवेदकाचा आवाज देणाऱ्यांपैकी एक नट बेनीच्या कार्यक्रमात त्याच्या तळघरातल्या तिजोरीचा म्हातारा पहारेकरी होता. फिबर आणि मॉलीच्या मालिकेत मेणाच्या पॉलिशची जाहिरात करणारा निवेदकच इथे स्पार्क प्लगची जाहिरात करत होता, म्हणजे जॉर्डन दाम्पत्याला परक्या घरातही आपला माणूस भेटला. आणि १९५० पासून ज्याने मालिकेची निर्मिती आणि दिग्दर्शन हाती घेतले, बर्ल आणि बेनी ज्याच्या हाताखाली खेळले, तो स्वतः फिल हॅरिस आणि अ‍ॅलिस फे यांच्या विनोदी मालिकेत फ्रँकी रेमली हा उपद्व्यापी गिटारवादक रंगवत होता. विनोदी नटाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे त्याला सांगण्याची गरज नव्हती.

'बॅकसीट ड्रायव्हर' त्याच जॉर्डन दाम्पत्याला घेऊन २२ फेब्रुवारी १९५१ रोजी पुन्हा झाले. बेनीचे या मालिकेतले शेवटचे नाट्य, 'द फेस इज फॅमिलिअर', जानेवारी १९५४ मधले. त्याच वर्षी प्रायोजकाने हात काढून घेतला, मोठ्या मानधनाचे पाहुणे थांबले आणि विनोदी नट दूरचित्रवाणीवर स्थिरावले. तिथे चेहरा दिसत असल्याने आवाजाचा हा उपयोग उरला नाही. मालिका त्यानंतरही ३० सप्टेंबर १९६२ पर्यंत चालली, मुख्यतः त्या जुन्या संचातल्याच नटांच्या बळावर.