चप्पल पायातून निसटते, दमा आणि सीबीसीतली एक ओळ

गेल्या चतुर्थीला वेंगुर्ल्याजवळ मामाकडे गेलो होतो. मामीला दमा गेली बारा वर्षं, तोही चाळिशी उलटल्यावर लागलेला, त्यामुळे पंप वगैरे घरात कोणाला नवीन नाही. पण यावेळी ती पडवीतून विहिरीकडे गेली आणि तिची एक चप्पल वाटेतच राहिली. मी उचलून दिली तर म्हणाली, "रे, चप्पल पायात रवणाच नाय, पडली तरी माका कळणा नाय."

ते वाक्य डोक्यात राहिलं म्हणून रात्री तिची फाईल मागून घेतली. नाकात मांस वाढलं म्हणून एक ऑपरेशन, दोन वर्षांत परत वाढलं. पोटरीवर जांभळट पुरळ, त्याला मलम. वजन सात किलो उतरलं, शुगर नॉर्मल. पायाला मुंग्या, तर कमरेत नस दबली म्हणून बेल्ट. प्रत्येक डॉक्टरने आपापला अवयव नीट बघितला होता पण हे सगळं एकाच बाईला का होतंय हा प्रश्न कुठल्याच कागदावर नव्हता. आणि एका जुन्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या साध्या तपासणीत, खाली बारीक अक्षरात, इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) २८ टक्के.

आपण सीबीसीत हिमोग्लोबिन बघतो नि कागद घडी करून ठेवतो. पण हा हिशोब कोणालाही जमेल: मामीच्या एकूण पांढऱ्या पेशी १४,२०० होत्या, त्यातले २८ टक्के म्हणजे जवळपास ४,००० इओसिनोफिल. साधारणपणे ते ५०० च्या आत असतात. साध्या दम्यात थोडे वाढतात, पण १,५०० च्या वर गेले की कारण शोधलंच पाहिजे.

ही पेशी मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १८७९ मध्ये पॉल एर्लिख यांनी रक्ताच्या काचपट्टीवर इओसिन नावाचा रंग टाकला तेव्हा काही पेशींतले दाणे लालभडक झाले, त्यावरून हे नाव. हे दाणे म्हणजे दारूगोळा. जंत पेशीपेक्षा प्रचंड मोठा असतो, त्याला गिळता येत नाही, म्हणून इओसिनोफिल त्याला चिकटतो आणि दाण्यांतली प्रथिनं त्याच्या अंगावर ओततो. अडचण अशी की जंत नसेल तरी ओतायचं तेच आणि तसंच, मग समोर आपलीच श्वासनळी का असेना. यातलं एक प्रथिन म्हणजे मेजर बेसिक प्रोटीन. श्वासनळीच्या स्नायूंना आवळायला सांगणारे जे मज्जातंतू असतात त्यांच्या टोकाला एक ब्रेक असतो, एम-टू रिसेप्टर. आवळायचा निरोप नेणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, ते पुरेसं सुटलं की हा ब्रेक लागतो आणि पुढचं सुटणं थांबतं. मेजर बेसिक प्रोटीन नेमकं त्या ब्रेकवर जाऊन बसतं, ब्रेक लागतच नाही, ॲसिटिलकोलीन सुटत राहतं आणि नळी आवळलेलीच राहते. एरवी रक्तात काही तास राहणारी ही पेशी इंटरल्युकिन-५ या निरोप्यामुळे मरायचं लांबवते, अस्थिमज्जेतून नवीन येत राहतात आणि गर्दी वाढते.

आता पाय. मराठीत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, इथे गोंधळ नको म्हणून मज्जातंतूच म्हणतो. त्या मज्जातंतूलाही रक्त लागतं, ते केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पोचवतात. इओसिनोफिलच्या गर्दीने या वाहिन्यांच्या भिंती सुजल्या की मज्जातंतू उपाशी मरतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जो मज्जातंतू खाली जातो तो पाऊल वर उचलतो, पावलाच्या वरच्या भागाची संवेदनाही त्याचीच. तो गेला की चप्पल निसटते आणि कळतही नाही. त्वचेतल्या वाहिन्या सुजल्या की जांभळं पुरळ. नाक, फुप्फुस, त्वचा, पाय, सगळं एकच.

जेकब चर्ग आणि लोटे स्ट्रॉस या न्यूयॉर्कच्या दोन पॅथॉलॉजिस्टांनी १९५१ मध्ये १३ रुग्णांवरून हा आजार मांडला. आता त्याला ईजीपीए म्हणतात, म्हणजे इओसिनोफिलच्या गर्दीने रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार. दमा आधी येतो, बाकीचं कित्येक वर्षांनी. आजार दुर्मिळ आहे, दहा लाखांत दहा-पंधरा लोक, त्यामुळे दमा आहे आणि पायाला मुंग्या येतात म्हणून कोणी घाबरू नका, डायबेटीस आणि बी-१२ ची कमतरता कितीतरी जास्त दिसते. शिवाय आपल्याकडे इओसिनोफिल वाढले तर आधी जंत बघायचे, शेतात अनवाणी चालणाऱ्यांत तर नक्कीच. हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांमुळे रात्रीचा खोकला नि दम लागतो, तोही दमाच वाटतो, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. पावसाळ्यात भिंतींवर चढणाऱ्या बुरशीमुळेही दमेकऱ्यांत हे आकडे वाढतात. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत पोटात असताना स्टेरॉइड दिलं तर तो शरीरभर पसरू शकतो, म्हणून शौच तपासणीला कंटाळायचं नाही.

स्टेरॉइडची गंमत नाही, धोका सांगतो. त्याने इओसिनोफिल एक-दोन दिवसांत रक्तातून जवळपास गायब होतात. दम लागला की मामीला पाच दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, दम जायचा, पुरळ जायचं, मुंग्या कमी व्हायच्या, आणि त्याच आठवड्यात रक्त तपासलं की इओसिनोफिल १ टक्का. पुरावाच पुसलेला! म्हणून रक्त देताना आधी काय घेतलंय ते सांगा, आणि दम्याची पुडी घेत असाल तर तेही, कारण असल्या कित्येक पुड्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. कोजागिरीच्या खिरीतल्या औषधाने दमा मुळापासून जातो यावर विश्वास ठेवून अजून लोक गाड्या करून जातात. वाडीत मामीला "बाहेरचा लागला" म्हणून नारळ ओवाळून झाला, त्यात दोन महिने गेले, आणि मरणाऱ्या मज्जातंतूला दोन महिने खूप होतात.

गोव्याला एका डॉक्टरांनी सगळे कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. एनसीव्ही (मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी), एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेत सापडणाऱ्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी), सायनसचा सीटी, लघवी, आणि हृदयाचा इको, कारण या आजारात जीव जातो तो बहुतेकदा हृदयामुळे. एएनसीए निगेटिव्ह आली. साठ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत ती निगेटिव्हच येते, तेवढ्यावरून आजार नाही म्हणता येत नाही. पायाच्या मज्जातंतूचा बारीक तुकडा तपासला आणि नाव मिळालं. जंत नाहीत याची खात्री करून स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू झाला. इंटरल्युकिन-५ ला अडवणारं मेपोलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१७ पासून या आजारासाठी मंजूर आहे, पण ते महाग, अजून आमचा विचार चाललाय.

मज्जातंतू परत वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलीमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत ३५० मिलीमीटर धरा, म्हणजे वर्षभर. मामी सध्या मागे पट्टा असलेली सँडल घालते. मे महिन्यात फोन केला तर दम कसा आहे हे विचारायच्या आधीच म्हणाली, "आंगठो वायच हलता."